हात दुखावला, रंगमंच मिळाला

गटाच्या बैठकीत नवं काम निघालं की आपल्यातली एखादी हमखास म्हणते, "मला नाही बाई जमायचं, आता वय झालं." म्हणून आज आम्ही इंग्लंडच्या एका नटीची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव सिबिल थॉर्नडाइक.

सिबिलचा जन्म १८८२ चा. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. तिला पियानो वाजवण्यात नाव काढायचं होतं. पण मनगट दुखावलं आणि ते स्वप्न सुटलं. मग ती नाटकाकडे वळली. १९०४ मध्ये बेन ग्रीट यांच्या फिरत्या कंपनीत शिरली. अमेरिकेच्या दौऱ्यांत मिळेल ती भूमिका करत तिने शंभरावर भूमिका केल्या.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. नट सैन्यात गेले. लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात शेक्सपिअरची नाटकं चालू ठेवायची, तर पुरुषांच्या भूमिका करणार कोण? सिबिलने केल्या. ती राजपुत्र हॅल झाली, लिअर राजाचा विदूषकही झाली. याच काळात आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीभूमिका गाजवत होते, कारण घरंदाज बाईने रंगमंचावर जाणं लोकांना चालत नव्हतं. तिकडे मात्र बाईच पुरुषाच्या वेशात उभी राहिली. आणि हे सगळं चालू असताना, १९१५ संपता संपता, ती चार लेकरांची आई झाली होती.

पुढे तिने अंगावर काटा आणणारी भयनाटकं केली, ग्रीक शोकांतिकाही केल्या. बर्नार्ड शॉ यांनी जोन ऑफ आर्कवरचं नाटक तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. १९२४ मध्ये लंडनला ते रंगलं, तेव्हा ती कोवळ्या जोनच्या भूमिकेत होती. वय होतं ४१.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. तेव्हा पती लुईस कॅसन यांच्यासोबत ती वेल्समधल्या कोळसा खाणींच्या गावांत गेली. जो हॉल मिळेल तिथे 'मॅकबेथ' आणि 'मीडिया' ही नाटकं केली. खाणकामगार आणि त्यांच्या घरच्या बायका समोर बसून ती बघत.

१९६९ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, तिने रंगमंचावरची शेवटची भूमिका केली. लेदरहेड गावच्या त्या नव्या नाट्यगृहाला तिचंच नाव दिलेलं होतं.

मैत्रिणींनो, सिबिलने ठरवलेलं काम हातातून गेलं. पुढे जे समोर आलं, ते ती शिकत गेली. पुढच्या बैठकीत कुणी "वय झालं" म्हणाली, तर तिला ही गोष्ट सांगा आणि हिशोबाची वही तिच्या हातात द्या. पहिल्या दिवशी बेरीज चुकली तरी चालेल, शेजारी आपण बसलेल्या असूच.