मुंबईची वाडी आणि मुंबईची आगगाडी

सकाळच्या घाईनें गिरगांवांतून स्टेशनाकडे निघालेला गृहस्थ फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी हीं नांवें दिवसांतून दोनदां तरी ऐकतो. पण त्या नांवांतील फणस, आंबा आणि केळ यांच्याकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. जावें असें तेथें कांहीं उरलेंहि नाहीं. वाडी म्हटली म्हणजे समोरासमोर उभ्या असलेल्या चाळी, त्यांमधला चिंचोळा बोळ आणि वर दिसणारी आकाशाची एक पट्टी, एवढेंच आतां आपल्या डोळ्यांपुढें येतें. चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, उमरखाडी या नांवांच्या व्युत्पत्तींविषयीं पंडितांत मतभेद असतील; पण सामान्य माणसाच्या कानाला त्यांत चिंच, वड, ताड आणि उंबर हींच झाडें ऐकूं येतात, आणि तो फारसा चुकत नसावा.

गेल्या पावणेदोनशें वर्षांतील मुंबईच्या नित्य जीवनाकडे पाहिलें असतां असें आढळतें कीं, या शहरांत बाग आणि प्रवास या दोन गोष्टींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. माणसाचें काम, घर आणि झाड हीं जवळजवळ होतीं तोंवर रोजच्या प्रवासाला कारण नव्हतें. तीं जसजशीं एकमेकांपासून दूर गेलीं, तसतसा प्रवास वाढत गेला. या दुराव्याची किंमत कोणीं व कशी दिली, याचा विचार येथें करावयाचा आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट गार्सिया द ओर्ता नांवाच्या पोर्तुगीज वैद्याकडे खंडानें होतें. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत आपल्या बेटांतील एका आंब्याचा त्यानें कौतुकानें उल्लेख केला आहे. तो आंबा वर्षांतून दोनदां फळें देई. पोर्तुगीज भाषेंत बागेला ‘होर्ता’ म्हणतात. त्यावरूनच पुढें इंग्रजांनीं माडांच्या वाडीला ‘ओर्ट’ म्हणावयास आरंभ केला, आणि हा शब्द त्यांच्या दप्तरांत दीर्घकाळ राहिला.

ही वाडी म्हणजे केवळ शोभेची बाग नव्हे. मध्यें विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाला जुंपलेला बैल किंवा रेडा, पाटानें माडांच्या आळ्यांत जाणारें पाणी, माडांखालीं केळी, पोफळी, अळू आणि फुलझाडें, आणि त्याच सावलींत मालकाचें कौलारू घर व कुळांच्या झोंपड्या, असा तो एक लहानसा संसारच असे. पाठारे प्रभु, पांचकळशी, भंडारी आणि येथील ख्रिस्ती कुटुंबें अशा संसारांत पिढ्यान् पिढ्या नांदलीं. माडावर चढून माडी काढणारा, सुंभ वळणारा, झावळ्या विणून घर शाकारणारा, सारे एकाच आवारांत राहत. कामाला निघालेल्या माणसाला फार तर विहिरीपर्यंत, नाहीं तर माडाच्या शेंड्यापर्यंत जावें लागे! अर्थात् या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचें कारण नाहीं. कुळाचा खंड चुकत नसे, माडीवर सरकारचा कर असे, आणि विहिरीचें पाणी नेहमींच निर्मळ असे असेंहि नाहीं. परंतु काम आणि सावली यांमध्यें अंतर नव्हतें, एवढें खरें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डब्यांत सुमारें चारशें मंडळी बसलीं होतीं, आणि अंतर एकवीस मैलांचें होतें. त्या दिवशीं लोकांनीं तिच्याकडे एक नवल म्हणून पाहिलें. त्यानंतर दहा वर्षांनीं गोमंतकांतून लहानपणींच मुंबईस आलेले गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां हें शहर कापसाच्या पैशानें फुगत चाललें होतें. अमेरिकेंत १८६१ पासून यादवी माजली होती. तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६४ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती आठ लाखांवर गेली. पुढल्याच वर्षीं ती तेजी कोसळली आणि १८७२ सालीं वस्ती साडेसहा लाखांच्या आंत आली. पण जमिनीला एकदां चढलेलें मोल लोकांच्या मनांतून उतरलें नाहीं. माडाला फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात. चाळींतील खोलीचें भाडें पहिल्या महिन्यापासून हातीं येतें. वाडीच्या मालकाला हा हिशेब कोणी शिकवावा लागला नाहीं. एकेक माड पडला, एकेक चाळ उठली, आणि जुनें नांव मात्र नव्या इमारतीला चिकटून राहिलें.

खासगी वाड्या अशा मोडूं लागल्या असतांच सार्वजनिक बाग जन्मास यावी, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लोकांस खुली झाली. तिच्या आधींची शिवडी येथील उद्यानमंडळींची बाग मात्र पुढें ख्रिस्ती स्मशानभूमीकरितां देण्यांत आली. पूर्वीं झाड पाहावयाला कोणी घर सोडून जात नसे. आतां मुलांना हाताशीं धरून बागेला जाणें ही सुटीच्या दिवसाची एक सहल झाली. आणि १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत पहिली स्थानिक गाडी सुरू झाली. सकाळीं शहरांत यावयाचें आणि संध्याकाळीं परत जावयाचें, हा मुंबईकराच्या आयुष्याचा पुढचा साचा त्या एका गाडीनें घालून दिला.

तरीहि हा साचा सर्वांच्या अंगवळणीं पडला तो एका मोठ्या संकटानंतर. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग असल्याचें डॉक्टर आकासिओ व्हिएगास या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनीं ओळखलें. दाट वस्तीची भीति तेव्हां प्रथमच सर्वांच्या मनांत भरली. १८९८ सालीं शहरसुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते व मोकळीं मैदानें आंखून नवी वसाहत बसविण्याचें ठरलें. पुढें डॉक्टर बेंटली यांनीं हिंवतापाची चौकशी केली. शहरांतील विहिरींत त्या तापाचे डांस वाढतात, असें त्यांच्या १९११ च्या अहवालांत दाखविण्यांत आलें, आणि विहिरी बुजविण्याचा व झांकण्याचा क्रम सुरू झाला. अनेकांनीं धर्माच्या नांवानें त्याला विरोधहि केला. आरोग्याच्या दृष्टीनें तो उपाय योग्यच होता. परंतु विहीर गेल्यावर रहाट गेला, आणि रहाटाबरोबर उरल्यासुरल्या वाडीचा प्राणहि गेला. प्यावयास विहार तलावाचें पाणी १८६० पासून नळानें येत होतें. पण नळाच्या पाण्यावर घर चालतें, वाडी चालत नाहीं.

अशा वेळीं मध्यम स्थितींतील माणसाला विजेच्या गाडीनें एक आशा दाखविली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली अशी विजेची गाडी धावूं लागली. पार्लें, अंधेरी, मुलुंड येथें लहान कां होईना, पण स्वतःचें आवार असलेलें घर घेतां येईल, असें कारकुनाला व शिक्षकाला वाटूं लागलें. त्या घरांचीं परसें आमच्या पिढीच्या लोकांनीं शेवटच्या काळांत पाहिलीं आहेत: विहिरीजवळ अळूचा वाफा, कुंपणाला जास्वंद, स्वयंपाकघराच्या दाराशीं कढीलिंब, मागें दोन केळी, एक पपई आणि पुढच्या पिढीसाठीं लावलेला नारळ. गिरगांवांत हरवलेली वाडी आपण पार्ल्यांत पुन्हां मिळविली, असेंच त्यांना वाटलें असेल.

पण ती कोणत्या भावानें मिळाली? घर ते कचेरी एक तास धरला तर जाऊन-येऊन दोन तास होतात. वर्षाचे कामाचे तीनशें दिवस धरले तर सहाशें तास, म्हणजे पुरे पंचवीस अहोरात्र. ज्यानें हें मोल दिलें त्याला आपली बाग उजेडांत दिसे ती रविवारीं. इतर दिवशीं झाडांना पाणी कोणीं घातलें, अळूचीं पानें कोणीं खुडलीं, कुंपणांतून शिरलेल्या गुरांना कोणीं हांकललें? घरांतल्या बायकांनीं. त्यांचे ते श्रम कोणत्याहि हिशेबाच्या वहींत लिहिलेले नाहींत. पार्ल्याच्या टुमदार बंगल्यांचें वर्णन करतांना लेखकांनीं मालकाच्या हौसेची पुष्कळ स्तुति केली आहे. कळशी उचलणारा हात मात्र त्या वर्णनांत सहसा आढळत नाहीं.

ज्यांना एवढेंहि शक्य नव्हतें त्यांची स्थिति निराळी होती. परळ-लालबागच्या चाळींत राहणारा गिरणी-कामगार पायींच कामावर जाई. त्याला रोजच्या गाडीची गरज नव्हती. पण त्याची बायको, त्याची भाताची खाचरें, त्याचा फणस आणि त्याचे माड हीं कोंकणांत होतीं, आणि त्यांची भेट शिमग्याला किंवा गणपतीला व्हावयाची. पार्ल्याचा कारकून आपल्या बागेपासून एक तास दूर राही. हा वर्षांतले अकरा महिने दूर राही. चाळीच्या गॅलरींत घासलेटच्या डब्यांत लावलेली तुळस ही त्याच्या वाट्याची मुंबईंतील जमीन. ती तुळस केवळ धर्मासाठीं होती असें आम्हांस वाटत नाहीं. पिढ्यान् पिढ्या मातींत हात घातलेल्या माणसाला दोन ओंजळी मातीचीहि सोबत लागते.

माणूस बागेकडे जाऊं शकत नाहीं असें ठरल्यावर बागच गाडींत बसून माणसाकडे येऊं लागली, हा या इतिहासांतला एक विलक्षण भाग आहे. वसई-विरारकडील वाडीवाल्यांनीं आपलीं फुलें, केळीं, भाजी आणि विड्याचीं पानें आगगाडीनें शहरांत आणलीं. दादर स्टेशनाशेजारच्या फुलबाजारांत पहांटे उतरणाऱ्या टोपल्या आजहि पाहावयास मिळतात. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वीं गाडी गांठावयाची असते. कारकुनाला उशीर झाला तर साहेब रागावतो, वाडीवालीला उशीर झाला तर मालच हातचा जातो. रेल्वेच्या रुळांकडेच्या जमिनीवरहि अनेक वर्षें पालेभाज्यांचे वाफे दिसत असत. दारांत उभ्या असलेल्या उतारूला वाऱ्याबरोबर त्या हिरवेपणाचें एक ओझरतें दर्शन घडे.

१९५० व १९५७ सालीं उपनगरें महानगरपालिकेंत सामील झालीं, आणि गिरगांवांत जें घडलें होतें तेंच पार्ल्यांत घडलें. बंगले गेले, मजले चढले, परसांच्या जागीं मोटारी उभ्या राहिल्या. मोकळ्या जागेच्या शोधांत माणूस आणखी पुढें, बदलापुराकडे व विरारकडे गेला. पण तेथेंहि त्याला मिळाल्या त्या दोन खोल्याच. बाग गेली आणि प्रवास मात्र उरला, इतकेंच नव्हे तर वाढला. ज्या वसईनें मुंबईला फुलें पुरविलीं तिच्या वाड्यांवर आणि विहिरींवरच घाला येऊं लागला, तेव्हां १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील लोक हरित वसई संरक्षण समितीच्या रूपानें उभे राहिले. त्यांचे पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे पुढें, २०२० सालीं, मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या लढ्यांत पुन्हां विहिरीच्याच पाण्याचा प्रश्न होता, हें वाचकांच्या लक्षांत येईल.

शेवटीं बाग आणि प्रवास हीं न्यायालयांत समोरासमोर उभीं राहिलीं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीं आरे येथें मेट्रोच्या कारशेडसाठीं झाडें तोडण्यास प्रारंभ झाला आणि दोन हजारांच्या वर झाडें पडलीं. तीं पडूं नयेत म्हणून रात्रीं धांवून गेलेल्या तरुण मुलामुलींचें दुःख खरें होतें. दुसऱ्या पारड्यांत काय आहे तेंहि पाहिलें पाहिजे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर एकट्या २०२३ सालीं सुमारें अडीच हजार माणसें मरण पावलीं. कोणी रूळ ओलांडतांना, कोणी भरल्या गाडींतून पडून. नव्या मार्गानें गर्दी कमी होऊन त्यांतलीं थोडीं जरी वांचलीं, तरी त्या मार्गाला निरर्थक कोण म्हणेल? आम्हांस खंत वाटते ती याची कीं, दीडशें वर्षें हा सौदा असाच मांडला गेला: झाड द्या आणि वाट घ्या. वाट आंखतांनाच तिच्या दोन्ही टोकांना माणसाला चालत जातां येईल असें काम, आणि घराजवळ सावली, यांची तजवीज करावी, हा विचार दादर-माटुंग्याच्या आंखणींत थोडासा डोकावला आणि पुढें मागें पडला.

आज नव्या उत्तुंग इमारतींना ‘गार्डन’, ‘ग्रीन’, ‘वुड्स’ अशीं नांवें देण्याची रीत आहे. फणसवाडीच्या नांवामागें निदान फणसाची आठवण आहे. या नांवांमागें काय आहे तें आणखी शंभर वर्षांनीं कोणी विचारील, तेव्हां त्याला दाखविण्यासाठीं एखादें झाड उभें असावें. त्या झाडाखालीं बसावयास माणसाला दिवसाउजेडीं घरीं पोहोंचतां यावें, एवढीच अपेक्षा आहे.