परोक्ष आघात : नवोदित समुपदेशकांच्या मनावरील भार

अत्याचार, भूकंप, दंगल किंवा अपघात यांतून वाचलेल्या व्यक्तीला बोलते करणे, हे आघात-समुपदेशकाचे काम. मात्र दिवसामागून दिवस अशा व्यथा ऐकणाऱ्याच्या मनावरही ओरखडे उमटतात. झोप उडणे, ऐकलेले प्रसंग डोळ्यांपुढे येणे, आप्तांच्या सुरक्षिततेची सतत धास्ती वाटणे आणि माणसांवरील विश्वास डळमळणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. लिसा मॅकॅन आणि लॉरी पर्लमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या अवस्थेला ‘व्हायकेरिअस ट्रॉमटायझेशन’, म्हणजे ‘परोक्ष आघात’, असे नाव दिले. कामाच्या ओझ्यामुळे येणाऱ्या थकव्याहून ही अवस्था वेगळी आहे. थकवा विश्रांतीने ओसरतो. येथे जगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

पर्लमन आणि पॉला मॅक इयान यांनी १९९५ मध्ये आघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या १८८ चिकित्सकांची पाहणी प्रसिद्ध केली. या कामात नव्याने आलेल्यांना सर्वाधिक मानसिक त्रास होत असल्याचे तीत आढळले. ज्यांनी पूर्वायुष्यात स्वतः आघात सोसला होता, त्यांनाही हा त्रास अधिक जाणवत होता.

नवोदित समुपदेशक समोरच्याच्या दुःखनिवारणाची सारी जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. शांतपणे ऐकून घेणे हाही उपचाराचाच भाग असतो, हे त्याला अनुभवानेच उमगते. शिवाय, त्रास बोलून दाखवला तर आपण अपात्र ठरू, या भीतीने तो गप्प राहतो.

वास्तविक हा दुबळेपणा नसून व्यवसायातील धोका आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानग्रंथात, कामाच्या निमित्ताने भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जाणे हेही आघातोत्तर तणाव विकाराचे एक संभाव्य कारण मानले आहे.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला; २०१२ मध्ये याच संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनी सेवा आली. अशा ठिकाणी अत्याचाराच्या कहाण्या ऐकणे हे रोजचेच काम असते. म्हणूनच अनुभवी मार्गदर्शकाबरोबर नियमित चर्चा, गंभीर प्रकरणांची समान वाटणी आणि हक्काची सुटी यांची तरतूद संस्थेनेच करायला हवी. व्यायाम, छंद आणि मित्रपरिवार यांची जोड आवश्यक आहेच. परंतु मन सांभाळण्याची जबाबदारी एकट्या नवोदितावर टाकणे योग्य नव्हे. ऐकणाऱ्याचेही कुणी ऐकले, तरच तो दीर्घकाळ इतरांचे ऐकू शकेल.