पदवी आणि कुदळ

ग्रीसच्या प्राचीन संस्कृतीचें अध्ययन म्हणजे ग्रंथांचें अध्ययन, अशी समजूत विद्वानांत फार काळ रूढ होती. होमर वाचावा, थुसिडिडीझ वाचावा, संग्रहालयांतील पुतळे न्याहाळावेत आणि त्यांवर प्रबंध लिहावा, म्हणजे विद्या पुरी झाली! ही समजूत मोडण्यास ज्यांनीं हातभार लावला, त्यांत हॅरिएट बॉइड या विद्यार्थिनीची कामगिरी विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे.

बॉइडबाईंचा जन्म १८७१ सालीं बोस्टन येथें झाला. १८९२ त स्मिथ कॉलेजची पदवी घेतल्यावर कांहीं वर्षें त्यांनीं शिक्षिकेचें काम केलें, आणि १८९६ त पुढील अध्ययनासाठीं त्या अथेन्स येथील अमेरिकन अध्ययनसंस्थेंत दाखल झाल्या. तेथें स्त्रियांस व्याख्यानें ऐकण्याची मोकळीक होती. उत्खनन मात्र पुरुषांचें काम मानलें जाई. बाईंनीं ग्रंथपालाचा मार्ग धरावा, असा सल्ला त्यांस मिळाला. सल्ला देणारांचा हेतु वाईट होता, असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु ज्या विद्येचा आधारच मातींत आहे, ती मातीस हात न लावतां कशी साध्य व्हावी, या प्रश्नाचें उत्तर त्या सल्ल्यांत नव्हतें.

बाईंनीं तें उत्तर कृतीनें दिलें. शिष्यवृत्तीचा उरलेला पैसा घेऊन १९०० सालीं त्या क्रीट बेटांत गेल्या. १८९८ त तुर्कांचा प्रत्यक्ष अंमल उठून त्या बेटास स्वायत्तता लाभली होती आणि संशोधकांस वाट मोकळी झाली होती. आर्थर इव्हान्स यांनीं नोसोस येथें त्याच वर्षीं उत्खननास आरंभ केला होता. बाईंनीं खेचरावर बसून पूर्व क्रीट धुंडाळलें, कावूसी येथें लोहयुगांतील घरें व थडगीं उकरलीं, आणि त्या कामावरील प्रबंधास १९०१ त स्मिथ कॉलेजनें एम्. ए. ची पदवी दिली.

त्याच वर्षीं एका स्थानिक रहिवाशानें दिलेल्या माहितीवरून त्या गुर्निया येथें पोहोंचल्या. १९०१, १९०३ व १९०४ अशा तीन हंगामांत, शंभराच्या आसपास मजूर हाताशीं घेऊन, त्यांनीं तेथें सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचें एक सबंध गांव उजेडांत आणलें. नोसोसला राजवाडा, सिंहासन नि भित्तिचित्रें सांपडलीं. गुर्नियास सांपडले फरसबंदीचे अरुंद रस्ते, लहान लहान घरें, सुताराच्या करवती व छिन्न्या, मासे धरण्याचे गळ, विणकराच्या मागाचीं वजनें आणि कुंभाराचें सामान. राजा कसा राहत होता हें एका स्थळानें सांगितलें, तर त्याची प्रजा कशी राबत होती हें दुसऱ्यानें. आमच्या मतें इतिहासास दुसऱ्याची गरज तिळभरही कमी नाहीं.

परंतु नुसतें खणणें म्हणजे संशोधन नव्हे. मातीचा थर एकदां उचलला कीं तो पुन्हां जागच्या जागीं बसत नाहीं. कोणतें खापर कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं मिळालें, याची नोंद राहिली नाहीं तर तें ज्ञान कायमचें गेलें. म्हणून गुर्नियाचा नकाशांसह सविस्तर ग्रंथ १९०८ त प्रसिद्ध झाला, ही गोष्ट आम्हांस उत्खननाइतकीच मोलाची वाटते. त्या कामांत बाईंच्या सोबत असलेल्या ईडिथ हॉल याही विद्यार्थिनीच होत्या. पुढें त्यांनीं क्रीटच्या ताम्रपाषाणोत्तर, म्हणजे कांस्ययुगीन, अलंकरणकलेवर प्रबंध लिहिला. एका विद्यार्थिनीनें काढलेल्या वाटेनें दुसरी चालूं लागली ती अशी.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मुलगा किंवा मुलगी इतिहासाचें उच्च अध्ययन करण्याचा मनोदय बोलून दाखवीत असेल. ‘यांत पुढें काय?’ असें विचारणें वडीलधाऱ्यांस साहजिकच आहे. परंतु त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या अध्ययनांत ग्रंथालयाबाहेर जाण्यास वाव किती? कुदळीवांचून ही विद्या पांगळी आणि नोंदवहीवांचून आंधळी. दोन्हींची संवय जेथें लागेल, तेथें मुलांस नि:शंकपणें पाठवावें.