जुनापाणी

नागपूरच्या पश्चिमेस, काटोल मार्गालगत शहरापासून दहा-बारा किमी.वर असलेली लोहयुगीन दफनभूमी. माळावर विखुरलेली सुमारे 300 शिळावर्तुळे म्हणजेच हे स्थळ. एरवी ते नजरेतून सुटावे असेच आहे. ना भिंत, ना शिखर. काळे धोंडे गोलाकार मांडून आतली जागा मुरूम-गोट्यांनी भरलेली, मधोमध किंचित उंचवटा. त्याखाली मृताबरोबर मडकी आणि लोखंडी वस्तू पुरलेल्या असत.

जे. एच. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात येथे प्रथम खोदकाम केले. कट्यारी, आडव्या पट्ट्यांची चपटी कुऱ्हाड, कुदळी, कडी, घोड्याचे लगाम असा ऐवज मिळाला. पुढे 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे तीन वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने उकरली. लगाम महत्त्वाचे, कारण विदर्भातील या लोकांत घोड्याचा मान मोठा होता. जवळच्या माहुरझरीत तर तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेला घोडाच पुरलेला आढळला. लोखंडाचे म्हणाल, तर विदर्भातल्याच नायकुंडला ते गाळण्याची भट्टी निघाली.

काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, कुठे ओळीने, कुठे जोडीने. असेच खळगे युरोपातील शिळांवरही असल्याचे पाहून रिव्हेट-कार्नाकचे कुतूहल चाळवले होते. अलीकडे त्यांच्या दिशा मोजून आकाशनिरीक्षणाशी सांगड घालण्याचा प्रयत्न झाला आहे. तर्क आकर्षक आहे, पण त्यावर शिक्कामोर्तब करणे घाईचे ठरेल.

एवढे धोंडे आणून रचणे एका घराचे काम नव्हे. मृत्यू झाला की सारी वस्ती कामाला लागत असणार. त्यांची नावे, भाषा, दैवते काहीच उरले नाही. गणगोत एकत्र आल्याची खूण तेवढी जमिनीवर राहिली. जुन्या भंडारा जिल्ह्यात तिलोता खैरी येथेही अशा शिळांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात आहे. दगड उभारण्याची रीत मात्र विदर्भातून गेलेली नाही: गडचिरोलीतील माडिया गोंड आजही मृताच्या स्मरणार्थ गावाबाहेर शिळा रोवतात. त्यांचा जुनापाणीच्या लोकांशी वंशसंबंध होता, असे यावरून म्हणता येत नाही.