मशिदीलगतचा शिफाखाना

नवव्या शतकात इजिप्तचा कारभार पाहणाऱ्या अहमद इब्न तुलुनने आजच्या कैरोच्या परिसरात दोन इमारती उभारल्या. आधी दवाखाना बांधला आणि पाचसहा वर्षांनी मशीद. मशीद 879मध्ये पूर्ण झाली आणि ती अजून उभी आहे. दवाखान्याचा मागमूस नाही. पंधराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्रीझी या दोन्हींबद्दल बारकाईने लिहितो. मशिदीच्या मागच्या अंगाला औषधांचे कोठार होते आणि नमाजाच्या गर्दीत कुणाला काही झाले तर पाहायला जुम्म्याच्या दिवशी तिथे हकीम बसे. दवाखान्यात रुग्ण आला की त्याचे कपडे आणि पैसे कारभाऱ्याकडे जमा होत, अंगावर दवाखान्याचे कपडे येत आणि एक कोंबडी व एक रोटी खाण्याइतकी ताकद आली की त्याच्या वस्तू त्याला परत देऊन घरी सोडत. वेड लागलेल्यांसाठी वेगळा भाग होता. इब्न तुलुन दर शुक्रवारी स्वतः पाहणीला जाई. एकदा तिथल्या एका रुग्णाने आपण वेडे नाही अशी तक्रार करत त्याच्याकडे मोठे डाळिंब मागितले आणि ते हातात पडताच त्यालाच फेकून मारले. कपडे खराब झालेला अमीर त्यानंतर पुन्हा तिथे गेला नाही.

मुस्लीम वस्त्यांमधले मानसिक आरोग्य सुधारायचे असेल, तिथवर वैद्यकीय सेवा न्याय्य रीतीने पोचवायची असेल तर मशिदीची मदत घ्यावी, असे आज अनेक देशांतले डॉक्टर आणि कार्यकर्ते म्हणतात. हा विचार नवा प्रयोग म्हणून मांडला जातो, पण त्यामागे हजार-बाराशे वर्षांचा बरावाईट अनुभव आहे. तो अनुभव नीट वाचला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मशिदीने रुग्णसेवेला पैसा, माणसे आणि लोकांचा विश्वास मिळवून दिला; उपचार मात्र वैद्यांच्या हातात राहिले. ही विभागणी आणि तिच्यावरची देखरेख टिकली तोवर काम चालले. पैसा आटला किंवा देखरेख सुटली की मागे साखळदंड तेवढे उरले. डाळिंबाच्या गोष्टीतही तेच आहे: राज्यकर्त्याची हौस एका फटक्यात संपू शकते, म्हणून सेवा त्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

मर्जीला पर्याय होता वक्फ. एखादी दुकानांची रांग, हमामखाना, गिरणी किंवा शेतजमीन कायमची बांधून द्यायची, ती विकता येणार नाही असे लिहून ठेवायचे आणि तिच्या उत्पन्नातून कोणती कामे व्हावीत हे वक्फनाम्यात नमूद करायचे. कारभार मुतवल्ली पाही आणि त्याच्यावर काझीची नजर असे. कैरोत सुलतान कलावुनने 1284च्या सुमारास उभारलेले मन्सुरी रुग्णालय हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. मदरसा, मकबरा आणि रुग्णालय असे ते एकत्र संकुल होते. त्याच्या वक्फनाम्यात राजा आणि चाकर, स्वतंत्र आणि गुलाम, पुरुष आणि स्त्री अशा सर्वांना दार खुले ठेवण्याची अट होती. ताप, डोळ्यांचे विकार, शस्त्रक्रिया यांसाठी निरनिराळी दालने होती, स्त्रियांसाठी वेगळी सोय होती आणि घरी पडून असलेल्या गरिबांनाही औषध पुरवायचे होते. अर्थात या पुण्याला डाग होताच. जुना राजवाडा बळकावून आणि रस्त्यावरच्या लोकांना वेठीला धरून हे संकुल उभे राहिले, म्हणून काही धर्मज्ञांनी तिथे नमाज पढणे योग्य नाही असे म्हटल्याची नोंद मक्रीझीनेच केली आहे. चांगल्या कामासाठीही पैसा आणि श्रम कुठून आले हे विचारणारी माणसे त्या काळात होती, हे विशेष.

मनाचे दुखणे हा वैद्यकाचा विषय आहे, ही समजही या परंपरेत जुनी आहे. बल्ख शहरातला अबू झैद अल-बल्खी 934मध्ये वारला. त्याने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि शरीराचे वैद्य मनाकडे दुर्लक्ष करतात अशी तक्रार केली. राग, भीती, दुःख आणि मनात घर करून बसणारे विचार असे त्याने मनाच्या त्रासाचे चार प्रकार केले. दुःखातही, कारण ठाऊक असलेले दुःख आणि काहीच कारण दिसत नसताना येणारी उदासी यांत तो फरक करतो. दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात आहे आणि त्यावर वैद्यकीय उपाय करावेत, असे त्याचे म्हणणे. घरात अडीअडचणीसाठी औषधे ठेवतात तसे, मन शांत असताना धीर देणारे विचार गोळा करून ठेवावेत, असाही सल्ला तो देतो. अल-बल्खी धर्मशास्त्राचाही अभ्यासक होता. त्यामुळे मानसोपचार ही पश्चिमेकडून आलेली, श्रद्धेला मारक गोष्ट आहे असे म्हणणाऱ्याला उत्तर त्याच्याच परंपरेतून देता येते.

हे सगळे दरबाराजवळच्या मोजक्या शहरांपुरते होते, गावखेड्यातल्या माणसाला त्याचा काय उपयोग, असा आक्षेप घेता येईल आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण ही त्रुटी त्या काळच्या कारभाऱ्यांनाही जाणवत होती. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादचा वजीर अली इब्न ईसा याने मुख्य वैद्य सिनान इब्न साबित याला लिहिलेली पत्रे नंतरच्या चरित्रकारांनी जपून ठेवली आहेत. तुरुंगात माणसांची दाटी असते, तिथे आजार होणारच, म्हणून वैद्यांनी रोज तुरुंगात जावे, असे एका पत्रात आहे. दुसऱ्यात, खेड्यांत वैद्य नाहीत म्हणून औषधांसह फिरते वैद्य पाठवावेत असे आहे. हे वैद्य ज्यूंची बहुसंख्या असलेल्या भागात पोचले तेव्हा इतर धर्मीयांना तपासावे का, असे सिनानने विचारले. बगदादच्या रुग्णालयात मुसलमान आणि इतर अशा दोघांवरही उपचार होतात, हेही त्याने कळवले. वजिराचे उत्तर होते, आधी मुसलमानांना, मग इतरांना, आणि जनावरांच्या आधी माणसांना. आजच्या मोजमापाने हा क्रम सरळसरळ भेदभावाचा आहे. तरी तुरुंगातला कैदी आणि आडगावचा ज्यू शेतकरी हे दोघेही शासनाच्या आरोग्यसेवेच्या हिशेबात धरलेले दिसतात, हेही त्याच पत्रांतून कळते.

मनोरुग्णांच्या सेवेचा सर्वांत नावाजलेला दाखला तुर्कस्तानातल्या एदिर्नेचा. सुलतान दुसरा बायजीद याने 1484मध्ये तुंजा नदीच्या काठी मशिदीचे संकुल बांधायला घेतले आणि ते 1488मध्ये पूर्ण झाले. मशिदीच्या एका बाजूला गरिबांसाठी भटारखाना आणि दुसऱ्या बाजूला रुग्णालय व वैद्यकाचा मदरसा अशी रचना होती. रुग्णालयाचे मुख्य दालन षट्कोनी आहे. वर घुमट, मधोमध कारंजे आणि भोवती रुग्णांच्या खोल्या. सगळ्या खोल्या मधल्या जागेकडे उघडत असल्याने थोडक्या नोकरांना सर्वांवर लक्ष ठेवता येई आणि मध्ये वाजवलेले संगीत प्रत्येकापर्यंत पोचे. सतराव्या शतकाच्या मध्यावर आलेला प्रवासी एव्लिया चेलेबी सांगतो, की तिथे गायक-वादक नेमलेले होते, आठवड्यातून तीन वेळा ते रुग्णांसाठी वाजवत, बागेतली सुवासिक फुले रुग्णांना देत आणि शिकारीच्या पक्ष्यांचे मांस जेवणात असे.

पण हाच एव्लिया पुढे सांगतो, की वसंतात प्रेमवेडे झालेले लोक तिथे आणून त्यांच्या गळ्यात सोन्याचांदीचा मुलामा दिलेल्या साखळ्या घालत आणि शहरातली तरुण मंडळी ते पाहायला येत. एव्लियाची अतिशयोक्तीची सवय प्रसिद्ध आहे, त्यामुळे मुलामा आणि पक्वान्ने दोन्हींतून काही वजा करावे लागेल. कारंज्याचे आणि संगीताचे गोडवे गाताना मात्र साखळ्यांचा उल्लेख गाळण्याची सवय आपल्याकडच्या भाबड्या लेखांना जडली आहे, ती सोडली पाहिजे. साखळ्या होत्या, तमाशाही होता. त्या काळात युरोपातल्या वेड्यांच्या घरांतही हेच चालले होते. फरक होता तो जागेचा. एदिर्नेचा रुग्ण नमाजाला येणाऱ्यांच्या आणि जेवायला येणाऱ्यांच्या वाटेवर होता. वेड हे गावाबाहेर नेऊन दडवण्याचे पाप आहे, असे त्या इमारतीचा आराखडा मानत नव्हता. त्याहून मोठे श्रेय त्याला देण्याचे कारण नाही, पण एवढे श्रेयही कमी नाही.

हे का मोडले? वक्फाचे उत्पन्न मुतवल्ली आणि सरदार खाऊ लागले, महागाईत ठरावीक उत्पन्न पुरेनासे झाले, आणि मग एकोणिसाव्या शतकात राज्यसंस्थेने वक्फांवरच हात ठेवला. उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने 1826मध्ये वक्फांचा कारभार सरकारी खात्याखाली आणला. इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली यानेही वक्फजमिनींवर ताबा बसवला. 1830च्या दशकात कैरोतल्या मन्सुरी रुग्णालयात गेलेल्या एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाला कोठड्यांत साखळीने जखडलेले वेडे दिसले. भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या खाण्यासाठी ते ओरडत होते. ज्या वक्फनाम्यात चाकर आणि राजा एका पंगतीत होते, त्याच इमारतीची ही अखेर. इस्तंबूलला सुलेमानिया मशिदीच्या संकुलातल्या मनोरुग्णांचा कारभार लुइजी मोंजेरी या इटालियन वंशाच्या डॉक्टरकडे गेला. त्याने साखळ्या काढायला लावल्या. 1873मध्ये रुग्ण उस्कुदारच्या तोपताशीला हलवले गेले आणि 1927मध्ये डॉक्टर मझहर उस्मान यांनी ते बाकिरकोयच्या मोठ्या रुग्णालयात नेले. वैद्यकाच्या दृष्टीने ही प्रगतीच होती, यात वाद नाही. पण प्रत्येक स्थलांतरात रुग्ण मोहल्ल्यापासून लांब गेला. वैद्यक हाती आले आणि शेजार सुटला.

दख्खनला ही व्यवस्था परकी नव्हती. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने पंधराव्या शतकात बीदरला दारुश्शिफा म्हणजे रुग्णालय बांधले, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि तिथे मुसलमान हकिमांबरोबर हिंदू वैद्यही नेमले, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. चारमिनारनंतर चारच वर्षांनी, 1595मध्ये, मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबादेत दारुश्शिफा उभारली. त्या मोहल्ल्याला अजून तेच नाव आहे. पुढे मात्र आपल्याकडे मनोरुग्णाचा हात धरला तो मशिदीने नाही, तर दर्ग्याने. बाहेरची बाधा समजून रुग्णाला दर्ग्यावर आणून महिनोन्महिने ठेवणे ही हिंदू-मुसलमान दोघांचीही रीत झाली. तिथे आसरा होता, माया होती, पण डॉक्टर नव्हता. याचा भीषण शेवट 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसला. दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खाजगी निवासाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण दगावले. साखळीने बांधण्यावर आज 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. या अनुभवातून दुसरी वाटही निघाली. गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 2008पासून ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम चालू झाला. मुजावर रुग्णाला दुआ देतात आणि आवारातच बसणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवतात. श्रद्धास्थानाने विश्वास द्यायचा आणि उपचार वैद्याने करायचे, ही जुनी विभागणी इथे पुन्हा दिसते.

मशिदीला यात ओढणे म्हणजे शासनाची जबाबदारी धर्माच्या गळ्यात घालणे, असा एक गंभीर आक्षेप आहे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले आणि लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नव्हता. ही तूट कोणतीही मशीद भरून काढणार नाही. डॉक्टर आणि औषधे शासनानेच दिली पाहिजेत. पण डॉक्टर नेमल्यावरही, लोक काय म्हणतील या भीतीने जो माणूस मानसोपचाराची पाटी असलेल्या दारात पाऊल टाकत नाही, त्याला तिथवर कोण आणणार? जून-जुलै 2020मध्ये भिवंडीच्या शांतीनगरमधल्या मक्का मशिदीत कोविडच्या रुग्णांसाठी मोफत प्राणवायूची सोय झाली, त्याच वर्षी पुण्याच्या आझम कॅम्पसमधली मशीद विलगीकरणासाठी देऊ केली गेली. ओळखीची जागा असली की संशय कमी होतो, हे तेव्हा दिसले. पैशाचा प्रश्नही तितका अवघड नाही. सच्चर समितीने 2006मध्ये देशातल्या नोंदणीकृत वक्फ मालमत्ता सुमारे 4.9 लाख आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न जेमतेम 163 कोटी असल्याचे दाखवले. नीट वापर झाला तर ते 12 हजार कोटींवर जाऊ शकते, असा तिचा अंदाज होता.

दुसरा आक्षेप बायकांचा आहे आणि तो टाळता येणार नाही. नैराश्य आणि चिंतेचे विकार स्त्रियांत अधिक आढळतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत स्त्रियांना जागा नाही. मशिदीतून चाललेली सेवा ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच वगळेल, ही भीती रास्त आहे. पण इतिहासात उपचार नमाजाच्या दालनात होत नव्हते. ते लगतच्या इमारतीत होत, आणि मन्सुरीत स्त्रियांची दालने वेगळी होती. तेव्हा मशिदीच्या वक्फातून चालणारे केंद्र आवाराच्या कडेला, वेगळ्या दाराचे, स्त्री डॉक्टर असलेले आणि कोणत्याही धर्माच्या रुग्णाला खुले असायला शास्त्राची वा परंपरेची आडकाठी नाही. तिसरी शंका इमामाच्या अधिकाराची. घरातली गुपिते त्याच्यापाशी जातील, आत्महत्येच्या विचारावर तो पापाचे प्रवचन देईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच इमामाचे काम खुत्ब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, आजाराला आजार म्हणणे आणि माणसाला योग्य दारात पोचवणे इथेच थांबले पाहिजे. कलावुनच्या वक्फनाम्यासारखा कागद आज लिहायचा झाला, तर उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, पात्र डॉक्टर, रुग्णाच्या नोंदींची गुप्तता आणि दरवर्षीचा जाहीर हिशेब ही कलमे त्यात आधी यावीत. त्यांच्याशिवाय मशिदीच्या नावाने सुरू झालेला दवाखाना एखाद्या हौशी अमिराच्या शुक्रवारच्या फेरीपेक्षा फार टिकणार नाही.