सिंचन व्यवस्थापन प्रशिक्षण

धरणात किंवा बंधाऱ्यात साठविलेले पाणी कालवे, वितरिका व शेतचाऱ्या यांमधून ठरलेल्या वेळी व ठरलेल्या प्रमाणात शेतापर्यंत पोहोचविणे, त्याची मोजणी करणे व हिशोब ठेवणे, पाणीपट्टीची आकारणी करणे आणि वाटपातून उद्‌भवणारे तंटे मिटविणे, या कामांसाठी अभियंते, पर्यवेक्षक, क्षेत्रीय कर्मचारी व लाभधारक शेतकरी यांना दिल्या जाणाऱ्या व्यावसायिक शिक्षणास सिंचन व्यवस्थापन प्रशिक्षण असे म्हणतात. धरणे व कालवे बांधण्याचे शास्त्र आणि ती बांधून झाल्यावर चालविण्याचे शास्त्र ही दोन्ही परस्परपूरक असली, तरी भिन्न आहेत. पहिल्याच्या शिक्षणाची सोय भारतात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. दुसऱ्याचे पद्धतशीर शिक्षण मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत कालव्याचा कारभार प्रामुख्याने अनुभवाने शिकलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या हाती राहिला. या उणिवेची झळ मुख्यतः कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांना बसत आली आहे.

परंपरागत पद्धती : शासकीय कालवे अस्तित्वात येण्यापूर्वीही पाणीवाटपाचे काम जाणणारा एक वर्ग गावोगावी होता. महाराष्ट्रातील त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम व गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांतील फड पद्धती होय. नदीवर बंधारा घालून काढलेल्या पाटाखालील क्षेत्राचे तीन किंवा चार फड पाडीत आणि एका फडात एका हंगामी एकच पीक घेत. त्यामुळे सलग क्षेत्र एकाच वेळी भिजे, पाण्याचा अपव्यय टळे व पिकांची फेरपालटही आपोआप साधे. पाटातील पाण्यावर देखरेख ठेवणारा पाटकरी, फडात प्रत्यक्ष पाणी देणारा बारेकरी आणि पिकांची राखण करणारा जागल्या यांची नेमणूक लाभधारकच करीत व त्यांचा मोबदला बहुधा धान्यरूपाने देत. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बारे फोडावयाचे नाही, या दंडकामुळे वाटपाचे काम तटस्थ व्यक्तीकडे राही. हे कौशल्य बापाकडून मुलाकडे व जुन्या माणसाकडून नव्याकडे प्रत्यक्ष कामातूनच जाई. त्याची पोथी नव्हती, तरी नियम मात्र काटेकोर होते.

रूडकी व पुणे येथील शिक्षण : उत्तर भारतातील १८३७-३८ च्या भीषण दुष्काळानंतर गंगा कालव्याची योजना पुढे आली. प्रॉबी कॉट्‌ली यांच्या मार्गदर्शनाखाली १८४२ मध्ये काम सुरू झाले व ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडण्यात आले. एवढ्या मोठ्या कामासाठी लागणारी माणसे मिळेनात, म्हणून वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स टॉमसन यांच्या पुढाकाराने १८४७ मध्ये रूडकी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. टॉमसन यांच्या निधनानंतर त्यास त्यांचे नाव देण्यात आले. अभियंत्यांखेरीज देखरेख करणारे ओव्हरसियर आणि भूमापन, समतलन व नकाशे काढणे ही कामे करणारे कनिष्ठ कर्मचारी यांच्यासाठीही तेथे वेगळे वर्ग होते. सोलानी नदीवरील जलसेतूसारखी भव्य बांधकामे जवळच चालू असल्याने विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव मिळे. १९४९ मध्ये या संस्थेचे विद्यापीठात व २००१ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर झाले.

मुंबई इलाख्यात १८५४ मध्ये पुणे येथे सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारी शाळा निघाली. पुढील काळातील पुणे अभियांत्रिकी महाविद्यालयाची ती पूर्वपीठिका होय. इमारती, रस्ते, पूल, लोहमार्ग, धरणे व कालवे असे तिच्या विद्यार्थ्यांचे कार्यक्षेत्र होते. या दोन्ही ठिकाणच्या शिक्षणाचा रोख बांधकामावर होता. कालवा पुरा झाल्यावर पाणी कोणास, केव्हा व किती द्यावयाचे, हा महसुली कारभाराचा भाग समजला जाई.

या बाजूचा विचार काही अभियंत्यांनी केला होता. रिचर्ड बेअर्ड स्मिथ यांनी उत्तर इटलीतील सिंचनाचा अभ्यास करून १८५२ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांचा दक्षिण यूरोपातील सिंचनावरील ग्रंथ १८६८ मध्ये निघाला. तिकडील पाणीवाटपाच्या संस्था, करार व कायदे यांची माहिती त्यांत आली आहे. तथापि त्यावर आधारलेला स्वतंत्र अभ्यासक्रम भारतात त्या काळी रूढ झाला नाही.

दख्खनच्या कालव्यांवरील कर्मचारी : मुंबई इलाख्यात १८७९ चा सिंचन अधिनियम लागू झाला. त्याच सुमारास खडकवासल्याचा मुठा कालवा, त्यानंतर नीरा, गोदावरी व प्रवरा हे कालवे सुरू झाले आणि त्यांवर कर्मचाऱ्यांची एक उतरंड तयार झाली. कालवा निरीक्षक, मोजणीदार, दप्तर कारकून, पाटकरी व चौकीदार हे तिचे घटक होत. शेतकऱ्याने नमुना क्रमांक ७ मध्ये पाण्याचा अर्ज करावयाचा, मंजुरीनंतर त्यास पास मिळावयाचा आणि शेजपाळीने म्हणजे शेजारच्या शेतामागून शेत या क्रमाने पाणी घ्यावयाचे, अशी रीत पडली. पाणीपाळीचा कार्यक्रम आखणे, पातळीच्या नोंदी ठेवणे, भिजलेले क्षेत्र मोजणे आणि विनापरवाना पाणी घेणाऱ्याचा पंचनामा करणे ही कामे या मंडळींकडे असत. त्यांचे शिक्षण म्हणजे वरिष्ठांच्या हाताखालील उमेदवारी एवढेच होते.

दख्खनमध्ये पाऊस चांगला झाला, की कालव्याच्या पाण्यास मागणी नसे व अवर्षण पडले, की सर्वांचीच मागणी एकदम येई. या अडचणीवर विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी गट पद्धती (ब्लॉक पद्धती) सुचविली. गावोगावच्या निवडक क्षेत्रांचे गट पाडून त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावयाची आणि त्यांत ऊस, भात व हंगामी पिके यांची फेरपालट ठेवावयाची, असे तिचे स्वरूप होते. विश्वेश्वरय्या पुण्याच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी होते व नोकरीच्या आरंभी त्यांनी खानदेशात पांझरेच्या परिसरात काम केले होते. गट पद्धतीत पाण्याचा हिशोब पिकाशी जोडला गेला. परिणामी कनिष्ठ कर्मचाऱ्यास शेतीचेही काही ज्ञान असणे आवश्यक ठरले.

अती पाण्यामुळे जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या, तेव्हा ही गरज अधिकच स्पष्ट झाली. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मुंबई सरकारने १९१६ मध्ये एक खास सिंचन कक्ष निर्माण केला. क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या कार्यातून पुढे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र आकारास आले. कालव्यावरील प्रवाहमापनाच्या पद्धती येथील संशोधनाने सुधारल्या. संशोधनाचे हे निष्कर्ष पाटकऱ्यापर्यंत नेणारी शिक्षणव्यवस्था मात्र नव्हती.

ज्ञानाचे स्वरूप : कालवा चालविणाऱ्यास कोणते ज्ञान लागते, हे काही उदाहरणांवरून कळून येईल. सेकंदाला एक घनफूट (एक क्युसेक) प्रवाह चोवीस तास चालला, तर ८६,४०० घनफूट म्हणजे सुमारे २,४४७ घनमीटर पाणी मिळते आणि त्याने दोन एकर क्षेत्रावर जवळजवळ एक फूट उंचीचा थर होतो. हे गणित ठाऊक असलेला पर्यवेक्षक वितरिकेत सोडलेल्या पाण्याचा व भिजलेल्या क्षेत्राचा मेळ घालून गळती किंवा चोरी कोठे होते, हे हुडकू शकतो. प्रवाहमापकातील (फ्ल्यूममधील) प्रवाह हा पाण्याच्या खोलीच्या दीडाव्या घाताशी सामान्यतः समप्रमाणात असतो. त्यामुळे ४० सेंमी. खोलीऐवजी ४४ सेंमी. अशी नोंद केली, तर खोलीतील १० टक्के चूक प्रवाहाच्या हिशोबात सुमारे १५ टक्के होते. मापकाच्या तळाशी गाळ साचला किंवा पट्टीचे शून्य सरकले, तरी असाच दोष उत्पन्न होतो.

वाटपाच्या वेळापत्रकाचे गणितही असेच साधे पण महत्त्वाचे आहे. पंजाब, हरियाणा इ. प्रदेशांत रूढ असलेल्या वाराबंदी पद्धतीत आठवड्याचे १६८ तास क्षेत्राच्या प्रमाणात वाटले जातात. एका विमोचकाखाली ४२ हेक्टर क्षेत्र असेल, तर हेक्टरी ४ तास वाट्यास येतात. तथापि चारी भरण्यास लागणारा वेळ व वाटेतील पाझर यांची वजावट केली नाही, तर शेवटच्या शेताला कागदावर तेवढेच तास मिळूनही पाणी कमी मिळते. कालव्याच्या मुखाशी ऊस आणि शेपटाशी कोरडी चारी हे अनेक लाभक्षेत्रांतील चित्र केवळ शिरजोरीमुळे निर्माण झालेले नसून मोजणीचा अभाव हेही त्याचे एक कारण आहे. मोजमाप नसलेल्या ठिकाणी शेपटाकडील शेतकऱ्याला आपली तक्रार सिद्ध करता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर धरणांची संख्या झपाट्याने वाढली. रूडकी येथे १९५५ मध्ये आशियाई व आफ्रिकी देशांतील अभियंत्यांसाठी जलसंपत्ती विकास प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात १९५९ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य सिंचन आयोगाने १९६२ मध्ये व केंद्रीय सिंचन आयोगाने १९७२ मध्ये अहवाल सादर केले. निर्माण केलेली सिंचनक्षमता व प्रत्यक्ष भिजणारे क्षेत्र यांत मोठी तफावत असल्याचे या काळात लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून १९७४-७५ पासून केंद्र शासनाने लाभक्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात १९७६ चा सिंचन अधिनियम झाला. त्याच वर्षी जायकवाडी प्रकल्पाचे उद्‌घाटन होऊन मराठवाड्यातील शेतकऱ्यांना मोठ्या कालव्याच्या पाण्याचा नव्याने परिचय झाला. बागायतीची जुनी परंपरा नसलेल्या अशा भागात कर्मचारी व शेतकरी दोघांनाही शिकविण्याची निकड होती.

या पार्श्वभूमीवर १ ऑक्टोबर १९८० रोजी औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या सिंचन प्रकल्पांशी तिच्या स्थापनेचा संबंध होता. अभियांत्रिकी, कृषिविज्ञान, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांचे अध्यापक येथे एका छताखाली आले. सिंचन अभियंता व कृषी अधिकारी यांना एकाच वर्गात बसवून लाभक्षेत्रात एकत्र पाहणी करावयास लावणे, हे या शिक्षणाचे नवे वैशिष्ट्य होते. एखादी वितरिका निवडून तिचा प्रवाह मोजणे, मुख, मध्य व शेपूट या तीन भागांतील शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणे, पिके व जमिनी तपासणे आणि दोषांचे निदान करून मगच उपाय सुचविणे, अशी पद्धत त्यात अवलंबिली जाते. गुजरात, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश इ. राज्यांतही अशाच संस्था निघाल्या. केंद्रीय जल आयोगाची प्रशिक्षण संस्था खडकवासला येथे १९८८ मध्ये सुरू झाली. ती आता राष्ट्रीय जल अकादमी या नावाने ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय पातळीवर श्रीलंकेत १९८४ मध्ये सिंचन व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, हेही या काळातील बदललेल्या दृष्टीचे द्योतक होय.

पाणीवापर संस्था : १९९० नंतर शेतकऱ्यांच्या संस्थांकडे वाटपाचे काम सोपविण्याचा विचार बळावला. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाच्या शेपटाकडील ओझर येथे समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या तीन संस्थांनी १९९१ मध्ये पाणी घनमापन पद्धतीने घेण्यास आरंभ केला. मापून घेतलेले पाणी आपसांत कसे वाटावयाचे, हे सभासदांनी ठरविले आणि कामासाठी स्वतःचे पाटकरी नेमले. पूर्वी पाणी न पोहोचणाऱ्या भागात द्राक्षे व भाजीपाला पिकू लागला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने (अहवाल १९९९) राज्याच्या जलव्यवहाराचा सर्वांगीण आढावा घेतला. पुढे महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा कायदा झाला. त्यानुसार संस्थेला पाण्याचा हक्क घनमापनाने ठरवून दिला जातो आणि संचालक मंडळात मुख, मध्य व शेपूट या भागांना समान प्रतिनिधित्व व स्त्रियांना राखीव जागा आहेत.

या कायद्यामुळे प्रशिक्षणाचा परीघ विस्तारला. शासकीय सेवेतील माणसाइतकेच संस्थेच्या अध्यक्षास, सचिवास व पाटकऱ्यास मोजमाप, पाणी अंदाजपत्रक, हिशोबलेखन व तंटानिवारण शिकविणे अपरिहार्य ठरले. संस्थेचे संचालक निवडणुकीने बदलतात. म्हणून एकदा दिलेले शिक्षण पुरत नाही. शिवाय संचालक मंडळात आलेल्या स्त्रियांना केवळ सहीपुरते स्थान न राहता कारभार समजावा, यासाठी गावातच, सोयीच्या वेळी वर्ग भरविणे इष्ट ठरते.

मूल्यमापन : व्यवस्थापन प्रशिक्षणाचा लाभ अधिकाऱ्यांना जितका मिळाला, तितका कालव्यावर रात्रंदिवस राबणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांना मिळाला नाही. प्रशिक्षित अभियंत्याची बदली अनेकदा बांधकामाकडे होते व त्याचे शिक्षण वाया जाते. दुसरीकडे कालवा निरीक्षक, मोजणीदार व दप्तर कारकून ही जुनी पदे आजही टिकून आहेत. जलसंपदा विभागाच्या २०२३ मधील भरतीतही त्यांचा समावेश होता. स्वयंचलित मापके, उपग्रहचित्रांवरून पीकक्षेत्राची मोजणी व बंद नलिकांमधून वितरण या साधनांचा प्रसार होत असताना या पदांच्या कामाचे स्वरूपही बदलत आहे. मापकाने दाखविलेला आकडा संभाव्य आहे की नाही, हे ओळखण्यासाठी चारीवर उभे राहून प्रवाह मोजल्याचा अनुभव आवश्यक असतो. फड पद्धतीत हा अनुभव पाटकऱ्यापाशी होता व त्याच्या तटस्थतेवर सर्वांचा विश्वास होता. आधुनिक प्रशिक्षणात मापनाच्या अचूकतेबरोबर ही तटस्थता रुजविता आली, तर कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचे पाणी मिळण्याची शक्यता वाढते.