पाव मळायच्या फळीवरचा ग्रह

मोबाइल घरी ठेवा. जिथे निघालो आहोत तिथे त्याचा काही उपयोग नाही. खिशात दहा सेंटचं एक नाणं मात्र असू द्या, परत निघताना लागेल. आता डोळे मिटा.

आधी वास येतो. लाकडी पिंपात मुरत पडलेल्या काकड्यांचा आंबूस वास, त्यावर लसणाचा झणका. पाठोपाठ धुरी दिलेल्या माशांचा. मग बेकरीचं दार उघडतं आणि ताज्या पावाची ऊब तोंडावर येते. डोळे उघडा. हे अमेरिकेतलं क्लीव्हलँड, १९३४ सालचा उन्हाळा, ग्लेनव्हिल नावाची वस्ती, आणि तुम्ही उभे आहात त्या रस्त्याला ईस्ट १०५ म्हणतात. ट्रामची घंटा अगदी कानाशी वाजते. बाजूला व्हा!

गुरुवारची दुपार आहे. उद्या सूर्य मावळला की ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, लागेल, म्हणून खरेदीची झुंबड उडाली आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी मंडईत जसा खांद्याला खांदा घासतो, तसंच. तुमचा सदरा पाठीला चिकटला आहे. खाटकाच्या दुकानासमोर एक आजीबाई कोंबडीच्या छातीवर बोट दाबून बघतात, नाक मुरडतात, दुसरी मागतात. घासाघीस यिडिश भाषेत चालली आहे. शब्द कळत नाहीत, पण सूर ओळखीचा वाटतो: ‘एवढे कसे हो सांगता?’ पायऱ्यांवर पुरुष बसून आहेत. दिवसाढवळ्या इतके पुरुष घरी का, असं मनात येईल. कामं सुटली आहेत. मंदीची वर्षं आहेत ही. खिशातलं नाणं जपा.

आता जरा कान द्या. इथल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यात ‘तिकडे’ हा शब्द सारखा येतो. तिकडे म्हणजे कुणाचं लिथुआनियातलं गाव, कुणाचं किएव्ह, कुणाचं पोलंडमधलं खेडं. तिकडे भय होतं, भूक होती, आणि एक दिवस तिथून निघायचं ठरलं. बोटीवर मावलं तेवढं सामान घेतलं. मावली नाहीत ती माणसं मागे राहिली, आई-वडीलसुद्धा. टपालवाला जिन्याशी आला की बायका हात पुसत पुढे होतात. पाकिटावरचं परदेशी तिकीट पाहूनच एकीचा चेहरा बदलतो.

कोपऱ्यावर मासिकांचा स्टॉल आहे. जवळ जा, हवं तर कागदाचा वास घ्या. हा जाडाभरडा, स्वस्त लगद्याचा कागद, उन्हाने लगेच पिवळा पडणारा. मुखपृष्ठांवर मात्र भडक लाल-पिवळे अग्निबाण, हिरवे आकाशगोल. दोनच वर्षांपूर्वी ‘ब्लू बुक’ मासिकात एडविन बाल्मर आणि फिलिप वायली यांची ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ ही कादंबरी क्रमशः आली होती. दुसरा ग्रह येऊन पृथ्वीवर आदळणार, शास्त्रज्ञ यानं बांधणार, नव्या जगाकडे निघणार. पण यानात जागा मोजक्या. मग कुणाला घ्यायचं? ज्या रस्त्यावर प्रत्येक घराने हा हिशोब खरोखर केला आहे, तिथे असली गोष्ट वाचताना छातीत काय होत असेल?

स्टॉलजवळची ती दोन पोरं पाहिलीत? दोघेही चष्मेवाले, लाजरे. नुकतीच ग्लेनव्हिल हायस्कूलमधून बाहेर पडली आहेत. हा जेरी सीगल, सहा भावंडांतला सर्वांत धाकटा. आई-वडील लिथुआनियातून आलेले. वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी दुकानात चोर शिरले, आणि त्या धावपळीत वडील तिथेच कोसळून गेले. मासिक नाकाला टेकेपर्यंत जवळ धरलं आहे तो ज्यो शुस्टर. त्याला दिसतं कमी, पण हात सुरेख चालतो. त्याचे वडील रॉटरडॅमचे, शिंपीकाम करणारे. आई किएव्हची.

चला, ज्योच्या घरी. टेबल शोधू नका. चित्र काढायला तो आईची पाव मळायची लाकडी फळी घेतो. तळवा ठेवून बघा, भेगांत पीठ मुरलेलं आहे, लाकूड गुळगुळीत झालं आहे. शब्बाथचा पाव मळायचा दिवस आला की फळी आईकडे परत जाते, आणि ती वेणीसारखा गुंफलेला पाव भट्टीत घालेपर्यंत चित्रकाराला सुट्टी. कागदही मिळेल तो: खाकी वेष्टणाचा, नाहीतर भिंतीच्या कागदाचा कोरा उलटा भाग. हिवाळ्यात घर तापवायला पैसे नसतात. तेव्हा हा मुलगा स्वेटरवर स्वेटर चढवून, हातमोजे घालून रेघा ओढतो.

आता रात्र होऊ द्या. कुठली ते विचारू नका, नुसते किम्बर्ली अ‍ॅव्हेन्यूवरच्या लाकडी घरात या. सगळीकडे निजानीज झाली आहे. जेरीच्या खोलीत मात्र पलंग करकरतो. तो उठतो, काहीतरी लिहितो, पडतो. तास-दोन तासांनी पुन्हा उठतो. डोक्यात एक ग्रह फुटायला आला आहे, आणि एक बाळ वाचवायचं आहे. उजाडलं की तो कागद मुठीत धरून पळत सुटतो. पळा त्याच्या मागे! ओट्यांवरच्या दुधाच्या बाटल्या, ओली हिरवळ, कुत्र्यांचं भुंकणं, तुमचा फुललेला श्वास. ज्योच्या दाराशी थाप. मग दिवसभर एक बोलतो, दुसरा काढतो. उठावं लागू नये म्हणून सँडविच आणून ठेवली आहेत. पेन्सिलीचा भुगा, मोहरीचा वास, खोडरबराची टरफलं.

जेरीने लिहिलेल्या एका मसुद्यात मरणारा ग्रह वेगळा होता. ती आपलीच पृथ्वी होती, दूरच्या भविष्यातली, फुटायला आलेली. शेवटचा उरलेला माणूस आपल्या तीन वर्षांच्या मुलाला काळयंत्रात घालून १९३५ सालात पाठवतो. म्हणजे तुम्ही आज केलात तोच प्रवास! पुढे पृथ्वी वाचली आणि संकट दुसऱ्या ग्रहावर गेलं. बापाने लेकराला एकट्याने पाठवणं मात्र तसंच राहिलं.

आता चार वर्षं पुढे. कित्येक संपादकांनी नाही म्हटलं. शेवटी एकाने हो म्हटलं, तर वर्तमानपत्रासाठी पट्ट्यांत काढलेली चित्रं कात्रीने कापून, खळ लावून पानांवर नव्याने चिकटवावी लागली. तेरा पानं, १३० डॉलर, आणि त्याबरोबर सगळे हक्कही गेले. १९३८ साल. पुन्हा त्याच स्टॉलपाशी या. काढा ते नाणं. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक तुमच्या हातात आहे, शाई बोटांना लागते आहे.

पान उघडा. दूरचा ग्रह म्हातारपणाने नष्ट होतो आणि एक शास्त्रज्ञ घाईघाईने बनवलेल्या यानात आपलं तान्हं बाळ ठेवून पृथ्वीकडे सोडतो. एका चौकटीत संपलं! ग्रहाला नाव नाही, बापाला नाही, आईचा पत्ताच नाही. पुढची सारी पानं बाळ नव्या घरी आल्यानंतरची. ‘तिकडे’बद्दल इथली माणसंही एवढंच बोलतात. एक वाक्य, मग उसासा, मग ‘चल, जेवून घे.’

पण पोरांना त्या एका चौकटीने चैन पडू दिलं नाही. १९३९च्या जानेवारीत त्या बाळाची, म्हणजे सुपरमॅनची, चित्रमालिका वर्तमानपत्रात सुरू झाली तेव्हा पहिले काही दिवस त्यांनी त्या मरणाऱ्या ग्रहालाच दिले. त्याला क्रिप्टन हे नाव मिळालं, बापाला नाव मिळालं, आईला मिळालं. मागे राहिलेल्यांना चेहरे मिळाले. ग्रह सोडून जाण्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, अजूनही लिहिल्या जातात. त्यांतली यानं मोठी झाली, इंजिनं झगझगीत झाली. मी मात्र अशी प्रत्येक गोष्ट वाचताना यान उडालं की खाली बघते. तिथे कोण उभं आहे, हे ज्या लेखकाला ठाऊक असतं त्याचीच गोष्ट मला खरी वाटते. या दोघांना ते ठाऊक होतं. त्यांच्याच जिन्यावर बायका तिकडच्या टपालाची वाट बघत होत्या.

निघायची वेळ झाली. अंक इथेच ठेवा, कुणीतरी पोर येईल. जाता जाता ज्योच्या स्वयंपाकघरात डोकावा. चित्रं बाजूला सारली आहेत. ज्या फळीवर बाळाचं यान उडालं तिच्यावर आई पिठाचे तीन पेड गुंफते आहे. अशीच वेणी किएव्हमध्येही घालत असत. बोटांना सगळं आठवतं आहे. भट्टीचं दार उघडतं, ऊब तोंडावर येते.

डोळे मिटा.